थेंब न शिरणारं खुराडं

दिगंबरराव परबांना कोंबडी ठाऊक होती ती ताटातली. रविवारी वाटीभर रस्सा, सोबत वडे, वर कांदा-लिंबू. त्याआधी ती कुठे राहते, काय खाते, केव्हा झोपते, याच्याशी या माणसाचा जन्मात संबंध आला नव्हता. आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर हेच दिगंबरराव कोलकात्यातल्या गार्डन रीचच्या आपल्या घरात जुना ड्रॉइंग बोर्ड काढून बसले, कोंबड्यांचं खुराडं आखायला! हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. त्यांना स्वतःला मात्र हसू येत नव्हतं, कारण त्या खुराड्यावर त्यांचा संसार टांगलेला होता.

झालं असं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगुळाचा डबा फडताळात ठेवता ठेवता सुनीतीबाई म्हणाल्या, "मी कुडाळला जाते. मनोहरकडे. कायमची." मनोहर हा त्यांचा धाकटा भाऊ. बायको वारल्यापासून माहेरच्या घरात एकटाच होता. भांडण नाही, तंटा नाही, आवाज चढवणं नाही. आज भाजी कसली करू, असं विचारावं तितक्या साधेपणानं त्या बोलल्या. दिगंबररावांनी पेपरातून डोकं न काढता उत्तर दिलं, "बघू."

हा 'बघू' म्हणजे परबांच्या घरातला सगळ्यात जुना भाडेकरू. लग्न होऊन सुनीतीबाई कोलकात्याला आल्या तेव्हा दिगंबरराव इथे जहाजं बांधायच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झालो की गावी जाऊ, असं त्यांनी बायकोला सांगितलं होतं, सासऱ्यांना सांगितलं होतं, देवळात नारळ ठेवून देवालाही सांगितलं होतं. निवृत्त झाले. मग, बघू, आभाचं लग्न होऊ दे. लेकीचं लग्न झालं, ती बंगळुरूला गेली. मग, बघू, मोतीबिंदू काढून घेऊ दे. मग, बघू, पावसाळा संपू दे. कोलकात्यात पावसाळा संपता संपता पूजा येते, पूजा झाली की थंडी, आणि थंडीत इथून हलायचं कोणाच्या जिवावर येत नाही? खरं कारण त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. गावात त्यांना आता कुत्रं ओळखत नव्हतं. इथे बाजारात अजून एखादा जुना वेल्डर भेटला की 'परबदा' म्हणून हाक मारायचा, मातीच्या भांड्यातून चहा पाजायचा. तेवढ्या हाकेसाठी त्यांनी बायकोला इतकी वर्षं अडकवून ठेवलं होतं.

यावेळी मात्र सुनीतीबाई त्या 'बघू'साठी थांबल्या नाहीत. मनोहरनं हावड्याहून मुंबईचं आणि तिथून पुढे कोकणचं तिकीट काढलं, ते मोबाइलवर आलं आणि त्यांनी ते नवऱ्याच्या डोळ्यांसमोर धरलं. फाल्गुनातलं होतं. एकाच माणसाचं.

"तिथे असं काय आहे गं एवढं?"

सुनीतीबाईंनी मोबाइल फडताळावर ठेवला. मग म्हणाल्या, "कोंबड्या."

आता बाई काय बोलली ते नीट समजून घ्या. आईच्या परसात उजाडताच डालं उचललं की कोंबड्या फडफडत बाहेर यायच्या, कुंपणापलीकडून शेजारीण हाक मारायची, दिवसभर तोंडात आपली बोली असायची, हिंदी-बंगालीचे तुकडे जुळवत बसावं लागायचं नाही. हे सगळं सांगायचं तर रात्र सरली असती. म्हणून जे पहिलं डोळ्यांसमोर आलं ते बोलली. पण दिगंबररावांचा जन्म गेला नकाशे काढण्यात. समोरच्यानं काय मागितलं ते कागदावर घ्यायचं आणि कामाला लागायचं, हीच सवय. कोंबड्या हव्यात ना? मग कोंबड्या इथेच आणू, जायचं कशाला!

लेकीला फोन करून त्यांनी बेत सांगितला. आभाचं मराठी कोलकात्यात वाढलेलं, अर्धं हिंदीच्या अंगानं चालणारं. ती म्हणाली, "बाबा, आईला कोंबडी नको आहे रे. तू तिची बात कधी ऐकतच नाहीस."

"तू नको शिकवूस मला," असं म्हणून यांनी फोन ठेवला.

घरामागे परस होतं आणि परसामागे तळं. जोराचा पाऊस झाला की तळं परसात यायचं आणि परस स्वयंपाकघरात. शिवाय भाम. भाम म्हणजे उदमांजर. ते छपरांवरून हिंडतं आणि गल्लीतल्या कोणाचं कबूतर, कोणाची कोंबडी उचलून नेतं, असं घरकामाला येणाऱ्या कालिंदीनं डोळे मोठे करून सांगितलं. म्हणजे शत्रू दोन ठरले, पाणी आणि भाम. मग काय विचारता! दिगंबररावांच्या अंगात जुना ड्राफ्ट्समन संचारला. समोरून, बाजूनं, वरून, असे तीन नकाशे झाले. मांडीइतक्या उंच लोखंडी पायांवर खुराडं. जहाजाच्या फासळ्या असतात तसा आत लाकडी सांगाडा. भिंती पाण्यात न कुजणाऱ्या प्लायच्या, सांध्यासांध्यात चिकट मसाला भरलेला. दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी, वर दाबून बसणाऱ्या कड्या. आत बसायला दांडे, अंडी घालायला कप्पे, तळाला ओढून काढायचा पत्रा. आणि हे सगळं स्वतःच्या हातानं. करवत वाकडी जायची, तरी दुसऱ्या कोणाला हात लावू देईनात.

सुनीतीबाई मागच्या पायरीवर बसून पाहत असायच्या. एकदा म्हणाल्या, "अहो, पुढची बाजू सगळी जाळीची ठेवा. कोंबडीला वारा लागतो."

"जाळीतून भाम पंजा घालतो."

"बारीक जाळी लावा. आमच्याकडे तर नुसत्या बांबूच्या कामट्या असायच्या."

"तुमच्याकडे तळं आत यायचं का?" दिगंबरराव हसले. तरी बायकोचं मन राखायचं म्हणून त्यांनी वर दोन वाटोळी हवाभोकं ठेवली. त्यांनाही झाकण्या केल्या, जहाजावर असतात तशा, फिरवून घट्ट बसणाऱ्या. वादळ आलं की झाकण्या बंद, वादळ गेलं की उघड्या. नियमच आहे तो.

काम संपलं त्या दिवशी त्यांनी खुराड्याची चाचणी घेतली. जहाजाचा एखादा कप्पा पाणी रोखतो की नाही हे पाहायला त्यावर बाहेरून पाण्याची जोरदार धार मारतात, आणि आत माणूस बसून कुठे पाझरतं ते शोधतो. इथे आत बसायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी आत कोरडा पेपर अंथरला, दार-झाकण्या आवळल्या आणि नळाची रबरी नळी घेऊन चारी बाजूंनी धार सोडली. कालिंदी तोंडाला पदर लावून हसत होती. मग दार उघडून त्यांनी तो पेपर सुनीतीबाईंपुढे नाचवला. "बघ! एक थेंब नाही! आहे का तुझ्या कुडाळात असं खुराडं?"

"नाही बाई," सुनीतीबाई म्हणाल्या, "असं नाही." त्यांनी खुराड्याच्या भिंतीवर बोटानं टकटक केलं आणि आत निघून गेल्या. दिगंबररावांना ते कौतुकच वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मटियाबुर्जच्या बाजारातून चार गावठी कोंबड्या आणि एक तांबडा कोंबडा आला. पहिल्या दिवशी सुनीतीबाईंनी मूठभर तांदूळ घेऊन माहेरची हाक घातली, "बा बा बा बा." एक मान वर झाली नाही. कालिंदी म्हणाली, "ओ काकिमा, तशी नाही," आणि तिनं बोलावलं, "आय आय, ती ती ती!" तशा सगळ्या पळत आल्या. सुनीतीबाई खळखळून हसल्या. "घ्या! कोंबड्यासुद्धा बंगाली!" दिगंबरराव खिडकीत उभे होते. बायकोचं हे हसू शेवटचं कधी ऐकलं ते त्यांना आठवेना, आणि आठवत नाही याची त्यांना लाज वाटली.

पुढे त्या कोंबड्यांना 'बा बा' कळू लागलं. सुनीतीबाई सकाळी खुराड्याचं दार उघडायच्या, परसात बसून त्यांच्याशी मालवणीत बोलायच्या. "खा गो बाये, लाजतंस कित्याक?" इतक्या वर्षांत या घरात मालवणी बोलली गेली नव्हती. दिगंबररावांना ती येत होती, पण कारखान्यात लागल्यापासून त्यांनी ती सोडून दिली होती.

तिकिटाची तारीख जवळ आली आणि एक करडी कोंबडी खुडूक बसली. जागची हलेना, जवळ गेलं की पिसं फुलवून अंगावर यायची. सुनीतीबाईंनी फळवाल्याची एक टोपली आणली, पेंढा घातला, अंडी मांडली आणि मागच्या पडवीच्या कोपऱ्यात अंधारात तिला बसवलं. संध्याकाळी हात पुसत त्या बाहेर आल्या. "मनोहरला सांगितलं, तिकीट पुढे ढकल. पिल्लं निघेपर्यंत थांबते मी."

दिगंबररावांनी नुसतं "बरं" म्हटलं. पण त्या दिवसापासून त्यांची चाल बदलली. एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील. मग पिल्लं लहान आहेत म्हणून ही थांबेल. मग ती मोठी होतील, त्यातली एखादी खुडूक बसेल. त्यांनी गणित मांडून टाकलं होतं आणि उत्तर मनासारखं आलं होतं. एकच गोष्ट त्यांना खुपत होती. एवढं खपून बांधलेलं खुराडं, त्यात अंडी उबवायला खास कप्पा, आणि बसवली कुठे, तर फळांच्या टोपलीत!

"तिला आत हलवू का?" त्यांनी दोनदा विचारलं.

"बसलेली कोंबडी हलवायची नसते हो," सुनीतीबाई दोन्ही वेळा म्हणाल्या.

चैत्रात बराकपूरच्या सुलभाताईंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू असायचं. सुलभाताईंचे यजमान बँकेत, बदलीवर आलेले. त्या निमित्तानं कोलकात्यातल्या पाच-पंचवीस मराठी बायका एकत्र जमायच्या. अंड्यांना चारेक दिवस राहिले होते. जाऊ की नको करत सुनीतीबाई अखेर दुपारी निघाल्या. संध्याकाळी आभाळ काळंठिक्कर झालं. कालबैशाखीचं वादळ आलं, सियालदाच्या मार्गावर झाड पडून गाड्या थांबल्या, आणि सुनीतीबाईंचा फोन आला, "सुलभाताई सोडत नाहीत, सकाळी येते. तुम्ही जेवून घ्या. आणि टोपलीला हात लावू नका. झड आली तर वर नुसतं गोणपाट टाका."

"हो हो," दिगंबरराव म्हणाले.

झड आली. पडवीत पाणी उडायला लागलं. गोणपाट शोधायला म्हणून ते वळले आणि समोर त्यांचं खुराडं दिसलं, पायांवर उभं, खणखणीत, कोरडं. त्या क्षणी त्यांच्या मनात काळजी होती, हे खरंच. पण काळजीच्या पाठीमागे जरा घमेंडही होती. सकाळी ती येईल आणि बघेल, सगळीकडे चिखल आणि तिची करडी कोंबडी खुराड्यात ऐटीत बसलेली. त्यांनी डोक्यावर टॉवेल घेतला, टोपली उचलली, चोचीचे दोन-चार घाव सोसले आणि कोंबडी अंड्यांसकट कप्प्यात ठेवली. बाकीच्या आधीच आत दांड्यावर बसल्या होत्या. दार लावलं, कड्या आवळल्या. मग वादळाचा नियम आठवून दोन्ही झाकण्या फिरवून घट्ट केल्या. ओले कपडे बदलले. वीज गेली होती. वादळानंतर हवेत गारवा आला, उन्हाळ्यात कितीतरी दिवसांनी छान झोप लागेल असा. ते पडले आणि झोपले.

सकाळी जाग आली तेव्हा पत्र्यावर ऊन तापलं होतं. कोंबडा आरवला कसा नाही, हा विचार त्यांना चहा ठेवताना आला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण झाकलेल्या कोंबड्याचं काय होतं ते कोणी सांगत नाही. दिगंबरराव गॅस तसाच टाकून धावले. दार उघडताच आतली ओली, गरम, उग्र वाफ तोंडावर आली. भिंतींवरून पाणी ओघळत होतं. बाहेरचा एक थेंब आत आला नव्हता, ते सगळं त्या जिवांच्या श्वासाचं होतं.

सुनीतीबाई आल्या तेव्हा ते पायरीवर बसले होते. बाईंच्या हातात पिशवी होती, पिशवीत ओटीतले भिजवलेले हरभरे. "कोंबड्यांसाठी सगळ्यांच्या ओटीतले मागून आणले," असं त्या बोलतच आत आल्या आणि मग थांबल्या. खुराड्याशी गेल्या. एकेक कोंबडी बाहेर काढून गोणपाटावर ठेवली. करडी मान टाकूनही अजून अंड्यांवर पसरून बसलेलीच होती. तिच्या पोटाखाली त्यांनी हात घातला आणि तसाच राहू दिला.

"हिला कोणी हलवलं?"

"पडवीत झड येत होती गं."

"मी फोनवर काय सांगितलं होतं?"

सांगितलं काय होतं ते दिगंबररावांना शब्दन् शब्द आठवत होतं. आधीचंही आठवत होतं, जाळीचं, वाऱ्याचं, कामट्यांचं. तिनं सगळं वेळेवर सांगितलं होतं. ऐकू सगळं आलं होतं. त्यांना ओरडून रडावंसं वाटलं, पण या वयात रडायचं कसं तेही त्यांना येईना.

पपईच्या झाडाखाली सुनीतीबाईंनीच खड्डा केला. हरभरे कालिंदीला देऊन टाकले, "घरी उसळ कर" म्हणाल्या. रात्री भात-आमटी रोजच्यासारखी वाढली. दुसऱ्या दिवशी भावाला फोन केला तो मालवणीत, आणि तिकीट आलं.

हावडा स्टेशनवर दिगंबरराव सोडायला गेले. बॅग बाकाखाली सरकवली, पाण्याची बाटली भरून आणली, पंखा चालतोय का पाहिलं. करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा खिडकीशी उभे राहिले. आयुष्यात हे वाक्य त्यांनी बायकोपुढे उच्चारलं नव्हतं.

"सुनीती, चुकलं गं माझं."

सुनीतीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. "कोंबड्यांचं म्हणताय ना?"

दिगंबरराव गोंधळले. दुसरं काय? "हो," ते म्हणाले.

"बरं," सुनीतीबाई म्हणाल्या आणि गाडी हलेपर्यंत त्यांनी पदराच्या टोकानं चष्मा पुसला.

दुसरं काय ते त्यांना परतीच्या बसमध्ये कळलं. एस्प्लनेडच्या गर्दीत बस अडकली होती, शेजारी दोघं भांडत होते, आणि या माणसानं तोंडावर हात धरला. पण तोवर गाडी खडगपूरकडे निघून गेली होती.

वैशाखात त्यांनी पुन्हा करवत काढली. खुराड्याची पुढची बाजू सगळी कापून काढली, बारीक जाळी ठोकली. झाकण्या उपसून तळ्यात फेकल्या. कालिंदीनं विचारलं, "काकू, आता कुणासाठी?" बंगालीत काकांनाच काकू म्हणतात. दिगंबररावांनी पुढचा खिळा ठोकला. बैल गेला आणि झोपा केला, हे काही बंगालीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

जाळी ठोकून झाली त्या दिवशी त्यांनी कुडाळला फोन लावला. तिकडून आधी कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, मग सुनीतीबाईंचा आवाज. तो आवाज त्यांना मोठा वाटला, मोकळा वाटला.

"जाळी लावली," दिगंबरराव म्हणाले. "पुढची बाजू सगळी. तू म्हणाली होतीस तशी. वारा चांगला खेळतो."

"हो का? चांगलं केलंत."

"आणि ऐक, ते स्टेशनवर मी म्हणालो ना, ते नुसतं कोंबड्यांचं नव्हतं."

तिकडे कोणीतरी सुनीतीबाईंना हाक मारली. त्यांनी मालवणीत ओ दिली आणि पुन्हा फोनवर आल्या. "कळलं मला," त्या हळू म्हणाल्या. "जेवता ना वेळेवर?"

"जेवतो. सुनीती, कधी येतेस?"

फोनवर कोंबड्या तेवढ्या ऐकू येत राहिल्या. दिगंबरराव मोबाइल कानाशी दाबून त्या नव्या जाळीकडे बघत उभे होते. वाऱ्यानं आतला कोरडा पेंढा हलत होता.

"बघू," सुनीतीबाई म्हणाल्या.